मिंदानाओ: जमिनीचा कागद, मशिदीचा मान आणि दोन भावांची शपथ

नदीवळण (धागाकर्ती)

फिलिपिन्सच्या दक्षिणेला असलेल्या मिंदानाओ बेटाची बातमी आपल्याकडे येते ती बहुधा स्फोटाची, अपहरणाची नाहीतर शस्त्रसंधीची असते. मथळ्यात ‘मुस्लिम फुटीरतावादी’ असे शब्द दिसले की भांडण धर्माचे आहे, असे गृहीत धरून आपण पान उलटतो. गेली काही वर्षे मी या संघर्षाविषयी मिळेल ते वाचत आले आहे. जसजसे वाचत गेले, तसतसे माझे मत पक्के होत गेले की तिथला मूळ वाद ‘जमीन कुणाची, हे कुणाच्या कागदावरून ठरवायचे’ हा आहे. धर्माने त्या वादाला माणसे मिळवून दिली आणि मरणाला अर्थ दिला, पण वणवा लागला तो शेताच्या बांधावर. माझे हे मत येथील जाणकारांनी तपासून पाहावे, यासाठी हा धागा.

थोडा इतिहास आधी सांगायला हवा. सुलू बेटांवर पंधराव्या शतकात आणि मिंदानाओवरच्या कोताबातो नदीच्या खोऱ्यात सोळाव्या शतकाच्या आरंभी मुस्लिम सुलतानशाह्या उभ्या राहिल्या. स्पॅनिश लोक आले तेव्हा आपल्या देशातल्या मूर लोकांवरून त्यांनी या सर्वांना ‘मोरो’ म्हटले. तीनशे वर्षांहून अधिक काळ राज्य करूनही स्पेनला हा दक्षिण भाग पुरता ताब्यात घेता आला नाही, तरी १८९८ च्या पॅरिस तहात त्याने तो उरलेल्या फिलिपिन्सबरोबर अमेरिकेच्या हवाली केला. जे आपल्या मुठीत कधी आलेच नाही ते देऊन टाकण्याचा हा प्रकार मोरो लोक आजही विसरलेले नाहीत. शिवीवजा असलेले ते नाव त्यांनी पुढे अभिमानाने स्वीकारले आणि आपल्या समाजाला ‘बांग्सामोरो’ म्हटले. यातला ‘बांग्सा’ म्हणजे मलय भाषेत गेलेला आपला ‘वंश’ हा शब्द.

अमेरिकनांनी तोफांच्या जोडीला मोजणीची साखळीही आणली. १९०२ साली जमीन नोंदणीचा कायदा झाला. १९०३ च्या दुसऱ्या एका कायद्याने, सरकारच्या अधिकाराशिवाय सुलतानांनी, दातूंनी किंवा टोळीप्रमुखांनी दिलेल्या जमिनी रद्दबातल ठरवल्या. दातू म्हणजे तिथला सरदार. रूढीप्रमाणे जमीन ही विकण्याची वस्तू नव्हती. ती कुळाची असे, दातू ती कसायला नेमून देई, रक्षण करी आणि बदल्यात धान्याचा वाटा व मनुष्यबळ घेई. ही सारी व्यवस्था कायद्याच्या दृष्टीने एका रात्रीत नाहीशी झाली. पुढे १९१९ च्या सार्वजनिक जमिनीच्या कायद्याने ख्रिस्ती अर्जदाराला २४ हेक्टरपर्यंत जमीन मागता येत असे, तर ‘ख्रिस्ती नसलेल्या’ अर्जदाराला फक्त १०. १९३६ मध्ये हेच आकडे १६ आणि ४ झाले. आपल्याच गावात, आपल्याच नदीकाठी, बाहेरून आलेल्याच्या चौथाई जमिनीवर हक्क सांगण्याची मुभा म्हणजे काय, याचा विचार शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने करून पाहावा.

देशाच्या उत्तरेकडच्या लुझोन आणि मधल्या विसाया भागांतल्या भूमिहीनांना दक्षिणेत वसवण्याचे धोरण अमेरिकनांनी सुरू केले आणि स्वतंत्र फिलिपिन्सने ते अधिक जोमाने चालवले. १९३९ पासून कोरोनादाल खोऱ्यात सरकारी वसाहत उभी राहिली. १९५० च्या दशकात शरण आलेल्या हुक, म्हणजे लुझोनमधल्या कम्युनिस्ट शेतकरी बंडखोरांनाही मिंदानाओत जमिनी देण्यात आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी बेटावर बहुसंख्य असलेले मुस्लिम १९७० च्या दशकात लोकसंख्येच्या साधारण पंचमांशावर आले. त्या वसाहतकऱ्यांना मी खलनायक मानत नाही. तेही जमीनदारांच्या जाचातून सुटू पाहणारे गरीब शेतकरी होते. सरकारने एका गरिबाचा प्रश्न दुसऱ्या गरिबाच्या अंगणात नेऊन टाकला. काही दातूंनी कुळाची जमीन स्वतःच्या नावावर नोंदवून घेतली आणि नव्याने आलेल्यांना विकली, हेही सांगायलाच हवे. म्हणजे सारा दोष बाहेरच्यांचा, असेही नाही.

मार्च १९६८ मध्ये कोरेहिदोर बेटावर गुप्त लष्करी प्रशिक्षणासाठी नेलेल्या मुस्लिम तरुणांना ठार मारण्यात आले. हे जाबिदा प्रकरण बाहेर आल्यावर ठिणगी पडली. त्याच वर्षी कोताबातोचे वृद्ध नेते दातू उद्तोग मातालाम यांनी मुस्लिम स्वातंत्र्य चळवळ जाहीर केली. पाठोपाठ ख्रिस्ती वसाहतकऱ्यांच्या ‘इलागा’ नावाच्या सशस्त्र टोळ्या गावे जाळू लागल्या. सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि नुर मिसुआरी यांच्या मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडीचे युद्ध उघडपणे सुरू झाले. या संघर्षातील बळींचा नेहमी दिला जाणारा अंदाज १ लाख २० हजारांचा आहे.

परंपरेचे काय, हा माझा खरा प्रश्न आहे. कोताबातो खोऱ्यातल्या मुस्लिम मागिंदानाओ लोकांत आणि डोंगरातल्या तेदुराय आदिवासींत एक कथा दोन्हीकडे सांगितली जाते. ताबुनावाय आणि मामालू हे दोघे भाऊ. शरीफ काबुंगसुवान इस्लाम घेऊन आला तेव्हा ताबुनावायने तो स्वीकारला आणि तो नदीकाठी राहिला. मामालूने आपला जुना धर्म सोडला नाही आणि तो डोंगरात गेला. निरोप घेताना दोघांनी शपथ घेतली की आपल्या वंशजांनी एकमेकांना भाऊच मानावे आणि अडचणीला धावून जावे. धर्म बदलला तरी रक्ताचे नाते तुटत नाही, असे सांगणारी ही कथा जिथे घरोघरी माहीत आहे, तिथे धर्मावरून युद्ध का पेटावे?

जुना_भूमापक

नदीवळण, लेख मनापासून वाचला. मी आयुष्यभर भूमी अभिलेखाचे काम केले असल्याने तुमच्या मुद्द्याला कामातली एक जोड देतो, कारण या प्रकरणातला सर्वांत मोठा घाव तिथेच बसला आहे असे मला वाटते.

आपला सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे आपण सारे जाणतो. ती महसुलाची नोंद आहे. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी धरली जाते, फेरफारावर हरकत घेता येते, वहिवाट दाखवता येते, साक्षीदार उभे करता येतात, आणि पन्नास वर्षांनीसुद्धा एखादा चुलत चुलता दिवाणी कोर्टात उभा राहतो. आपण या पद्धतीला कंटाळलो आहोत, पण तिच्यात निरक्षर माणसाला दाद मागायला एक फट राहते. फिलिपिन्समध्ये १९०२ साली आलेली पद्धत टॉरेन्सची होती. ती दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये सुरू झाली. तिथे न्यायालयाच्या हुकुमाने मालकी नोंदली जाते आणि शासन तिची हमी घेते. फसवणूक झाली असे म्हणणाऱ्याला हुकुमापासून एका वर्षाच्या आत तो उघडण्यासाठी अर्ज करावा लागे. ते वर्ष उलटले की तो कागद दगडावरची रेघ.

आता ही पद्धत कोताबातोच्या दलदलीत नेऊन पाहा. तिथल्या कुळाला अर्जाची भाषा येत नाही, मोजणीचा खर्च परवडत नाही, न्यायालय दूर आहे आणि ते परक्या धर्माच्या सरकारचे आहे. शिवाय जमीन ‘नोंदवायची’ कशाला, ती तर आजोबांपासून आपण कसतोच आहोत, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. कोणीतरी अर्ज करतो, वर्ष उलटते, आणि एके दिवशी कुंपण घालायला माणसे येतात. त्यांच्या हातातला कागद कायद्याने अगदी खरा असतो. खोट्या कागदाशी लढता येते. खरा कागद आणि खरी वहिवाट एकमेकांसमोर उभी राहिली की कोयता बाहेर निघतो.

मुंबई इलाख्यात १८५२ पासून इनाम कमिशनने सनदा तपासून हजारो इनामे जप्त केली आणि त्याचा राग १८५७ पर्यंत धुमसत राहिला, हे येथे अनेकांना ठाऊक असेल. तरी त्या कमिशनने निदान ‘सनद दाखवा’ असे म्हटले होते. मिंदानाओत सनद देणाऱ्याचा अधिकारच पुसून टाकला गेला, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

उंबरठा

दोघांचेही लिखाण अभ्यासपूर्ण आहे, पण एका गोष्टीला मला स्पष्ट विरोध नोंदवायचा आहे. ‘मूळ वाद जमिनीचा, धर्म नंतर जोडला गेला’ ही मांडणी आपल्यासारख्या दूरच्या वाचकाला सोयीची वाटते. जून १९७१ मध्ये कार्मेन गावाजवळच्या मनिली वस्तीत शांततेच्या बोलणीसाठी म्हणून जमवलेल्या सुमारे ७० मुस्लिमांना मारले गेले, आणि त्यांतले बरेचसे मशिदीत होते. सप्टेंबर १९७४ मध्ये पालिमबांगजवळच्या मालिसबोंगमध्ये पुरुषांना मशिदीतच कोंडले होते. ज्यांचे लोक मशिदीत मेले त्यांच्या पुढच्या पिढीला ‘भांडण सातबाऱ्याचे होते’ असे सांगून समजूत पटेल का? धर्म त्या दिवसापासून भांडणाच्या गाभ्यात आला आणि तो तेथून हलणार नाही.

चळवळीतली फूटही पाहावी. मिसुआरी विद्यापीठात शिकवणारे आणि राष्ट्राच्या भाषेत बोलणारे होते. हाशिम सालामत कैरोच्या अल-अझहरमध्ये शिकून आले होते, आणि १९७७ मध्ये वेगळे झाल्यावर १९८४ मध्ये त्यांनी आपल्या संघटनेच्या नावात ‘राष्ट्रीय’च्या जागी ‘इस्लामी’ हा शब्द घातला. त्या शब्दासाठी माणसांनी डोंगरात आयुष्य काढले आहे, तेव्हा त्याला निव्वळ वेष्टन म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

परंपरेविषयी मात्र तुम्ही योग्य धागा पकडला आहे. मारानाओ या मिंदानाओतल्या दुसऱ्या मुस्लिम समाजात घराण्याघराण्यांतल्या रक्तवैराला ‘रिदो’ म्हणतात आणि त्याच्या मुळाशी असतो ‘मरातबात’, म्हणजे कुळाचा मान. हा शब्द वाचून मी थबकले, कारण तो आपला ‘मानमरातब’च आहे. एकाच अरबी मुळापासून दोन टोकांना पोहोचलेला. विल्फ्रेदो तोरेस यांच्या संपादनाखाली झालेल्या संशोधनात १९३० च्या दशकापासून २००५ पर्यंत १,२६६ रिदो नोंदले गेले आणि त्यांत ५,५०० हून अधिक माणसे मेली. कारणांमध्ये निवडणुकीची चुरस आणि जमिनीचा वाद ही दोन्ही वरच्या स्थानी आहेत. यातले बहुसंख्य बळी मुस्लिमांच्या हातून मेलेले मुस्लिम आहेत, आणि तरीही बाहेरच्या बातमीत हीच चकमक ‘फुटीरतावाद्यांचा हल्ला’ म्हणून छापली जाते.

वैर मिटवायला वडीलधारे बसतात तेव्हा आधी ‘सालसिला’ काढतात, म्हणजे वंशावळ. आजोबा, पणजोबा, त्यांच्या बायका, बायकांची माहेरे असे मागे जात जात दोन्ही घराण्यांना समान असलेला एखादा पूर्वज शोधायचा, आणि तो सापडला की मारणारा आणि मेलेला हे भाऊबंद ठरतात. मग रक्ताची भरपाई मोजली जाते, कुराणावर हात ठेवला जातो आणि शेवटी दोन्हीकडची माणसे एका पंक्तीला जेवतात. त्या जेवणाला तिथे ‘कांदोरी’ म्हणतात. मराठवाड्यातल्या माझ्या माहेरी पिराच्या उरुसाला हिंदू-मुसलमान घरांतून बोकडाची कंदुरी होते. चुलीवरच्या त्या मोठ्या पातेल्याभोवती, वर्षभर एकमेकांचे तोंड न पाहिलेले दोन भाऊ शेजारी बसलेले मी लहानपणी पाहिले आहेत. शब्द एकच, फारसीतून दोन्हीकडे गेलेला, आणि कामही तेच करतो.

नदीवळण (धागाकर्ती)

उंबरठा, आपला आक्षेप मला मान्य करावा लागेल. ‘मूळ’ हा शब्द मी सैल वापरला. जमिनीने भांडण सुरू केले आणि १९७१ नंतर धर्म त्याच्या गाभ्यात शिरला, असे मी आता म्हणेन. सालसिला आणि कांदोरी यांविषयी आपण लिहिलेत ते तर मूळ लेखात असायला हवे होते.

पायवाट

ताबुनावाय-मामालूची कथा सर्वांना आवडलेली दिसते, म्हणून मामालूच्या बाजूने चार शब्द लिहितो. या सर्व चर्चेत डोंगरातला आदिवासी दोनदा आला, तोही कथेत. प्रत्यक्षात त्याची जमीन तिघांनी घेतली: वसाहतकऱ्याने, लाकूडतोड कंपनीने आणि काही ठिकाणी नदीकाठच्या भावाच्या, म्हणजे मुस्लिम दातूच्या, वंशजानेही. बांग्सामोरो प्रदेशातल्या तेदुराय लोकांची पूर्वजांच्या भूमीसाठी ‘फुसाका इंगेद’ ही स्वतःची संज्ञा आहे. देशात १९९७ पासून आदिवासींच्या पूर्वजभूमीला मान्यता देणारा कायदा आहे. त्या कायद्याखाली आपल्या डोंगरांवर एकत्रित दावा मंजूर व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षे झगडत आहेत, आणि मोरो नेतृत्वाचे म्हणणे असे की हा सारा प्रदेशच आमची पूर्वजभूमी आहे, तुम्ही आमचेच भाऊ, तेव्हा वेगळा दावा कशाला?

भावाची शपथ येथे भावाच्याच गळ्याशी येते. ‘आपण एकच’ असे म्हणणारा बलवान असेल, तर त्या वाक्यात दुबळ्याची जमीन विरघळून जाते. फिरिस हा तेदुराय लोकांचा पवित्र डोंगर आहे. त्याच्या आसपासची माणसे शस्त्रधारी टोळ्यांच्या भीतीने गावे सोडून गेली आहेत. मनिलाने मोरोंशी जे केले त्याची लहान प्रत मोरोंनी तेदुरायांशी करू नये, एवढे तरी त्या शपथेतून निघायला हवे. मी ही कथा टाकून द्या असे म्हणत नाही. तेदुराय वडीलधारे स्वतः ती पुढे करतात, कारण मोरो नेत्याला तोंडावर सुनावण्यासाठी त्यांच्याकडे दुसरे तितके वजनदार शब्द नाहीत.

समुद्रमार्ग

विषय मिंदानाओचा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. दक्षिण थायलंडमधल्या पातानीच्या मलय मुस्लिमांचा संघर्ष याच जातीचा वाटतो, पण त्याचा पाया वेगळा आहे. १९०९ च्या ब्रिटन-सयाम करारात सीमा आखली गेली आणि पातानी सयामकडे राहिले. तिथे मिंदानाओसारखे बाहेरच्या लोकांचे लोंढे आले नाहीत, मलय मुस्लिम आपल्या प्रांतांत बहुसंख्यच राहिले, आणि झगडा भाषा, शाळा व धार्मिक न्यायालय यांवरून पेटला. हाजी सुलोंग यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या सात मागण्या प्रामुख्याने याच होत्या. तरीही जमीन तिथेही सुटलेली नाही. १९९९ मध्ये बुदो-सुंगाई पादी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले तेव्हा आजोबांनी लावलेल्या रबराच्या आणि फळांच्या बागा हद्दीच्या आत गेल्या, आणि झाड तोडून नवे लावणे हा गुन्हा ठरला. तेव्हा नदीवळण यांचे विधान पातानीला जसेच्या तसे लावता येणार नाही, पण जुना_भूमापक यांचे लावता येईल.

जुना_भूमापक

समुद्रमार्ग, उद्यानाचे उदाहरण चपखल आहे. मला एक शंका आहे. मिंदानाओत सरकारचा मिसुआरी यांच्या आघाडीशी १९७६ चा त्रिपोली करार झाला, १९९६ चा झाला, आणि सालामत यांनी उभारलेल्या संघटनेशी २०१४ चा झाला. या करारांत कुठे जमिनीच्या नोंदीला हात घातला आहे का, की फक्त प्रांतांच्या सीमा आखल्या?

नदीवळण (धागाकर्ती)

आपण नेमके दुखण्यावर बोट ठेवले आहे. त्रिपोली कराराने १३ प्रांतांची स्वायत्तता मान्य केली आणि पुढची चाळीस वर्षे वाद ‘किती प्रांत’ या आकड्याभोवतीच फिरत राहिला. एकदाच, २००८ मध्ये, पूर्वजभूमी हा शब्द कराराच्या शीर्षकात आला. सालामत यांच्या संघटनेशी ठरलेला मसुदा तयार होता आणि ऑगस्टमध्ये क्वालालंपूरला सह्या व्हायच्या होत्या. मसुद्यातल्या गावांची नावे फुटली तेव्हा कोताबातोच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांना वाटले की आता आपला टॉरेन्सचा कागद रद्द होणार. त्यांच्याही त्या जमिनीवर तोवर दोन-तीन पिढ्या राबल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने सह्यांच्या आदल्या दिवशी स्थगिती दिली आणि १४ ऑक्टोबरला ८ विरुद्ध ७ मतांनी मसुदा घटनाबाह्य ठरवला. दरम्यान पुन्हा लढाई पेटून लाखो लोक बेघर झाले. त्यानंतरच्या वाटाघाटींत जमिनीचा शब्द फार जपून उच्चारला गेला. २०१४ च्या करारावरून २०१८ चा कायदा झाला, २०१९ च्या सार्वमताने बांग्सामोरो प्रदेश अस्तित्वात आला आणि पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्यांच्या हाती प्रशासन आले. ही गोष्ट लहान नाही आणि मी तिचा आदर करते. पण कोणत्या शेताचा कोणता कागद खरा, हे त्याने ठरलेले नाही.

मारावी शहराचे उदाहरण मला फार अस्वस्थ करते. १९५३ च्या अध्यक्षीय घोषणेने त्या शहराची ६,००० हून अधिक हेक्टर जमीन लष्करासाठी राखीव केली. पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मारानाओ कुटुंबे त्यामुळे कागदोपत्री सरकारी जागेवरची रहिवासी ठरली. मे ते ऑक्टोबर २०१७ या पाच महिन्यांत लष्कर आणि ‘इस्लामिक स्टेट’शी नाते सांगणारे अतिरेकी यांच्यात चाललेल्या वेढ्यात शहराचा मध्यभाग बेचिराख झाला आणि साडेतीन लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. भरपाईचा कायदा २०२२ मध्ये झाला. परतणाऱ्यांसमोर दोन प्रश्न उभे राहिले: घर कुठे होते आणि ते तुमचेच होते कशावरून. ढिगाऱ्यात खुणेचा दगड गेला, कपाटातले कागद जळले, आणि एकाच जागेवर तीन भावांच्या तीन शाखा हक्क सांगू लागल्या. तिथे रिदो उफाळू नये म्हणून पुन्हा वडीलधारेच सालसिला घेऊन बसले.

उंबरठा

शस्त्रे खाली ठेवण्याचे कामही येथेच अडते. २०१४ च्या करारानुसार सालामत यांच्या संघटनेच्या ४०,००० लढवय्यांनी शस्त्रे सोडायची आहेत आणि २६,००० हून अधिक जणांची नोंद झाली आहे. ज्या घराचे शेजारच्या घराशी रिदो चालू आहे त्या घरातल्या मुलाने बंदूक कशाच्या भरवशावर द्यायची? सरकारशी त्याचे भांडण संपले असेल, बांधापलीकडच्याशी संपलेले नसते.

जुना_भूमापक

नकाशे पाहत असता लिगुआसान दलदलीपाशी थांबलो. दोन लाख हेक्टरांहून मोठा पाणथळ भाग. पाणी ओसरले की काळी जमीन उघडी पडते आणि भोवतालची कुटुंबे तिथे पीक घेतात, पाणी चढले की तीच माणसे तिथेच मासे धरतात. दर वर्षी काठ वेगळा. अशा जमिनीचा टॉरेन्सचा नकाशा कोणत्या महिन्यात काढायचा, हे मला आजवर केलेल्या साऱ्या मोजणीतून सांगता येणार नाही. तिथल्या वडीलधाऱ्यांना मात्र ते ठाऊक असते. कोणत्या घराने कोणत्या ओहोळापासून कोणत्या झाडापर्यंत पेरायचे हे त्यांच्या तोंडी असते. ते कुणीतरी, त्यांच्याच भाषेत आणि तेदुरायांना सोबत बसवून, लिहून घ्यायला हवे. बोलावणे आले तर साखळी घेऊन मी आजही जाईन.